परतीचं वाण

“दिलेलं वाण परत मागतात का कुठं?”

पाटणकर वहिनी दारातच उभ्या राहिल्या. हात कणकेचे, पदर खोचलेला. त्यांच्या मागे गॅलरीत तुळशीच्या शेजारी नर्सरीच्या काळ्या पिशवीतलं टोमॅटोचं रोप दिसत होतं. त्या रोपानं माझी झोप उडवली होती.

“परत म्हणजे तसं नाही, वहिनी. आमच्या संस्थेतून चुकून दुसरंच रोप आलंय. तेवढं द्या, बदल्यात दुसरं आणून देते.”

“चुकून का असेना, ओटीत पडलं ना? पुढच्या महिन्यात यांची अँजिओग्राफी आहे मुक्ता, आणि मी सवाष्णीनं दिलेलं वाण उचलून घराबाहेर काढू? आम्ही काही तुझ्यासारखे शास्त्रज्ञ नाही बाई.”

दार लागलं नाही, पण वहिनी आत गेल्या. मी हात हलवत परत आले.

ही गोष्ट बरीच जुनी. तेव्हा मी साताऱ्याच्या पुढे डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या एका संशोधन संस्थेत काम करत होते. वनस्पतींकडून औषधं करून घ्यायची, हे आमचं काम. कुत्रं जोरात चावलं, खोल जखम झाली, तर नुसती रेबीजची लस पुरत नाही. लशीचा गुण यायला वेळ लागतो, तोवर तयार प्रतिपिंडं जखमेत टोचावी लागतात. ती घोड्याच्या नाहीतर माणसाच्या रक्तातून काढतात. महाग असतात, आणि खेड्यातल्या दवाखान्यात ऐन वेळी नसतात. ती टोमॅटोच्या झाडात तयार करता आली तर घोडाही सुटेल आणि खेड्यातलं पोरही वाचेल, असा आमच्या होनप सरांचा ध्यास होता. झाडाच्या पेशीत तेवढा एक जनुक घालायचा, की पानं-फळं स्वतःच्या कामाबरोबर आमचंही काम करतात. ऐकायला सोपं वाटतं. त्यात सरांचे केस पांढरे झाले होते.

अशी झाडं काचघराबाहेर जाता कामा नयेत, हा पहिला नियम. फूल आलं, पराग शेजारच्या साध्या टोमॅटोवर पडला किंवा फळ कुणाच्या आमटीत गेलं, तर काय होईल हे अजून तपासलेलंच नव्हतं. म्हणून जनुक घातलेल्या रोपांना लाल काडी आणि तुलनेसाठी वाढवलेल्या साध्या रोपांना पांढरी. त्यातली जास्तीची साधी रोपं दर वर्षी कॉलनीत वाटायची आमच्याकडे पद्धतच होती. सगळी कॉलनी त्या टोमॅटोची कोशिंबीर खायची.

त्या वर्षी संक्रांतीचं हळदीकुंकू आमच्या घरी होतं. माझ्या सासूबाई, म्हणजे आई, म्हणाल्या, “डबे वाटून वाटून घरोघरी डबेच डबे झालेत, आणि डब्यात घालायला काही नाही. यंदा रोपं वाटू.” मला काय, आयतंच मिळालं. पांढऱ्या काडीचा ट्रे घरी आला, बायकांनी कौतुक केलं, रोपं घरोघरी गेली.

आणि पुढच्या आठवड्यात चाचणीत लाल काडीच्या रोपांत प्रतिपिंड सापडेना. एका रोपात नाही, दुसऱ्यात नाही, कशातच नाही. मी नळ्या धुऊन पुन्हा चाचणी लावली. मग हळूहळू डोक्यात प्रकाश पडला. संक्रांतीच्या आधी काचघराचा पंखा बिघडला होता, तेव्हा सगळे ट्रे घाईघाईनं व्हरांड्यात हलवले होते. काड्या टोचतात म्हणून कुणीतरी काढून ठेवल्या आणि नंतर परत खोचल्या. लाल काडीची रोपं साधी होती. मग साधी म्हणून वाटलेली कोणती होती, ते सांगायला नको.

होनप सरांनी ऐकलं आणि चष्मा पुसत बसले. ओरडतील तर बरं, असं मला वाटत होतं.

“कुणी केलं ते नंतर बघू,” ते म्हणाले. “पुढच्या शुक्रवारी जैवसुरक्षा समिती तपासणीला येतेय. जे झालं ते मी स्वतः सांगणार, लपवणार नाही. पण सगळी रोपं परत आलेली असली तर मी म्हणू शकतो की चूक झाली आणि निस्तरली. एक जरी बाहेर राहिलं, तर काम बंद. मग त्यांना दोष देता येणार नाही. मीही तेच केलं असतं.”

म्हणून मी वहिनींच्या दारात गेले होते, आणि हात हलवत आले होते.

आईंनी सगळं ऐकून घेतलं. मांडीवर पावट्याच्या शेंगा होत्या, त्या सोलत राहिल्या.

“चुकलंच तुझं. वाण परत मागायचं नसतं.”

“मग काय करू? नियम पाळू की रीत पाळू?”

“परत घेऊ नकोस. त्यांनी देऊ दे. रथसप्तमीपर्यंत कुणीही हळदीकुंकू करू शकतं की. त्यांनी त्यांच्या घरी करावं, तुला बोलवावं आणि तेच रोप वाण म्हणून तुला द्यावं. वाणाला वाण. देणाऱ्याचं पुण्य वाढलं, घेणारीचं काम झालं. पाटणकरीणबाईंना मी सांगते.”

माझे सासरे पेपरमागून म्हणाले, “हिला तुमच्या समितीवर घ्या.”

मग तो आठवडा जो काही गेला! रोज संध्याकाळी कॉलनीत कुणाकडे तरी हळदीकुंकू. मी प्रयोगशाळेतून थेट साडी नेसून तिकडे. तिळगूळ खाऊन खाऊन दाढ दुखायला लागली. प्रत्येक घरातून मी एकच वाण घेऊन बाहेर पडायची, टोमॅटोचं रोप. पाटणकर वहिनींनी तर खणासकट दिलं. एकीनं आपलं रोप कराडच्या बहिणीला हौसेनं पाठवून दिलं होतं. बहिणीचे यजमान ते मांडीवर घेऊन एसटीनं आले आणि ‘यात सोनं आहे काय?’ म्हणून विचारत राहिले. श्रीरंगला, माझ्या नवऱ्याला, ही आयतीच करमणूक मिळाली होती. घरी आले की माझ्या कपाळाकडे बघून म्हणायचा, “आलीस का शेंदऱ्या मारुती! आज किती पीक निघालं?”

बुधवारी सगळी रोपं काचघरात पोचली. एक सोडून.

ते मालनताई शिर्क्यांकडे होतं.

मालनताई संस्थेत आवक-जावक बघायच्या. त्यांचे मिस्टर संस्थेचे ड्रायव्हर होते. घाटात जीप उलटून ते गेले, आणि मालनताईंना त्यांच्या जागी नोकरी मिळाली. आमच्याकडच्या हळदीकुंकवाला त्यांना बोलावणं नव्हतं. कॉलनीत कुणीच त्यांना अशा वेळी बोलावत नसे, आणि हे कुणाच्या लक्षातही येत नसे. त्या दिवशी त्या सरांचं एक पाकीट द्यायला आल्या आणि दारातूनच निघत होत्या. “या, बसा,” म्हणत आई पुढे झाल्या आणि इतक्या सहज त्यांच्या कपाळाला बोट लावलं, की मालनताईंना मागे सरकायला सवडच मिळाली नाही. खोलीत नुसता चमच्यांचा आवाज उरला. मालनताईंनी रोप घेतलं, पदराखाली झाकलं आणि गेल्या.

मी त्यांच्याकडे गेले तेव्हा त्या नुकत्या ऑफिसातून आल्या होत्या. कॉलनीच्या टोकाला एक खोली आणि मोरी. रोप त्यांनी तेलाच्या चौकोनी डब्यात लावलं होतं, काठीचा आधार दिला होता. इतरांच्या रोपांपेक्षा ते वीतभर उंच झालं होतं. शेंड्याला कळी धरायच्या बेतात होती.

“बसा की बाई. च्या टाकते.”

“चहा नको, ताई. मी त्या रोपासाठी आलेय.”

“कळलंय मला. समद्या कॉलनीत तेच चाललंय की.” त्यांनी तरी चहा टाकलाच. “काय हाय त्याच्यात?”

मी सांगितलं. पिसाळलेलं कुत्रं, जखम, इंजेक्शन, सगळं. त्या लक्ष देऊन ऐकत होत्या.

“झाडाला तर कुत्रं चावत न्हाई. मग त्याला काय उपेग त्याचा?”

“त्याला काहीच नाही. आपण सांगितलंय म्हणून ते करतं.”

“आसंच आस्तं,” त्या म्हणाल्या आणि हसल्या. “आन् परत नेल्यावर काय करणार?”

खोटं बोलावंसं वाटलं, पण बोलले नाही. “जाळणार.”

त्यांनी कप पुढे केला. डब्यातल्या मातीला बोट लावून ओल बघितली.

“बाकीच्या बायांनी कसं दिलं?”

“हळदीकुंकू करून. वाण म्हणून.”

बोलून झाल्यावर मला कळलं मी काय बोलले ते. मालनताई रोपाकडेच बघत होत्या.

“मग मी कसं द्यायचं?”

“तुम्ही... तुम्ही असंच द्या ना, ताई. नुसतं दिलंत तरी चालेल.”

“म्हंजे त्यांचं ते वाण, आन् माझं नुसतं झाड.”

त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मी समजूत घातली असती. मी चहा संपवला, तोंड भाजलं, तरी संपवला.

“दहा वर्सांत पयल्यांदा कुणी वाण दिलं मला,” त्या म्हणाल्या. “नुसतं झाडच आसंल, तर ऱ्हाऊ द्या माझ्यापाशी.”

मी घरी येऊन आईंना सांगितलं. त्या काहीतरी तोड काढतील अशी मला खात्री होती. पण त्या एवढंच म्हणाल्या, “त्या दिवशी मी कुंकू लावलं तेव्हा मला वाटलं, केवढं मोठं काम केलं मी. आता बघ.”

दुसऱ्या दिवशी सकाळी होनप सरांनी विचारलं, “शेवटचं आलं का?”

“नाही.”

“उद्या समिती आहे, मुक्ता. रोप संस्थेचं आहे. वॉचमनला पाठवून आणवू. त्यांचा काही अपमान होणार नाही, मी स्वतः बोलतो त्यांच्याशी.”

सर वाईट नव्हते. त्यांचं सगळं आयुष्य त्या ट्रेमध्ये होतं, आणि माझीही चार वर्षं होती. एक वॉचमन, दोन मिनिटांचं काम. मला हो म्हणायचं होतं.

“आजचा दिवस थांबा सर,” मी म्हटलं. “संध्याकाळपर्यंत.”

“आणि नाही दिलं तर?”

“तर वॉचमन आहेच.” हे मी म्हटलं खरं, पण तसं झालं असतं तर मी पुन्हा मालनताईंसमोर उभी राहू शकले नसते.

दुपारी मालनताई टपाल घेऊन आल्या. पाकिटं टेबलावर ठेवली, सही घेतली, आणि जाता जाता थांबल्या.

“आज सांजच्याला या. आईंना बी आणा. माझ्याकडं हळदीकुंकू हाय.”

मी हातातलं पेन खाली ठेवलं.

“समद्यांना सांगून आलेय मी. दारोदार जाऊन. येतील न्हाईतर न्हाई येणार. सांगायचं काम माझं.”

संध्याकाळी आईंनी ठेवणीतलं इरकली लुगडं काढलं. मी म्हटलं, एवढं कशाला, तर म्हणाल्या, “मानाचं बोलावणं आहे.”

मालनताईंनी खोली सारवल्यासारखी लख्ख पुसली होती. सतरंजीवर धुतलेली चादर, स्टीलच्या ताटात तिळगूळ, शेजारी साबणाच्या वड्यांची चळत. सगळ्यांना वाटायला आणलेल्या. आणि लग्नातला पितळी करंडा. आतलं जुनं कुंकू वाळून खडा झालं होतं, म्हणून त्यावरच नवी पुडी सोडली होती. रोप डब्यासकट पाटावर ठेवलं होतं. त्यांनी डब्यालाही हळदीकुंकवाची बोटं ओढली होती.

आम्ही दोघी बसलो. कुणी येईना. बाहेर रस्त्यावरून बायकांचा आवाज आला आणि पुढे गेला. मालनताई तिळगुळाच्या वड्या पुन्हा सारख्या करत होत्या. आई त्यांच्याशी पावट्याच्या भावाबद्दल बोलत राहिल्या, जणू काही कुणाची वाटच बघायची नव्हती. मला मात्र बसवेना. उठून कॉलनीत जावं आणि एकेकीला हाताला धरून आणावं असं वाटत होतं. आईंनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवून मला खाली दाबून ठेवलं.

दारात चप्पल वाजली. पाटणकर वहिनी.

“उशीर झाला बाई. गॅस संपला ऐन वेळी.” खरं होतं की खोटं, कोण जाणे. त्या माझ्याशेजारी बसल्या आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “मघाशी ह्यांना विचारलं. म्हटलं, अशा घरचं कुंकू लावून घेऊ का, तुमची अँजिओग्राफी तोंडावर. तर म्हणाले, शिर्के असता तर मला दवाखान्यात कोणी नेलं असतं? त्यानंच ना?”

वहिनींच्या मागून आणखी दोघी आल्या. बाकीच्या आल्या नाहीत.

मालनताईंनी करंडा उचलला. आधी आईंसमोर बसल्या. हळद लावली, मग कुंकवात बोट बुडवलं आणि ते तसंच हवेत थांबलं. आईंनी डोकं पुढे केलं आणि कपाळ त्या बोटाला टेकवलं. मग मालनताईंच्या हातून करंडा घेतला आणि त्यांना कुंकू लावलं. मालनताईंनी डोळे मिटून घेतले होते. मिटलेल्या डोळ्यांतून पाणी आलं, ते त्यांनी पुसलं नाही. मलाही रडू आलं, आणि मी ते लपवायच्या भानगडीत पडले नाही.

सगळ्यांना साबणाची वडी मिळाली. मला त्यांनी दोन्ही हातांनी डबा उचलून दिला.

“घ्या. वाण हाय माझं. आज पाणी घातलंय, उद्या घालू नका.”

शुक्रवारी समिती आली. होनप सरांनी काही न लपवता सगळं सांगितलं. समितीतले एक वयस्कर गृहस्थ रोपं बघत बघत तेलाच्या डब्यापाशी थांबले. डब्यावरच्या लाल-पिवळ्या रेघांकडे बोट दाखवून त्यांनी विचारलं, “हे कसलं चिन्ह?”

मी तोंड उघडायच्या आत सर म्हणाले, “वाण आहे ते, साहेब.”

त्या गृहस्थांनी चष्म्यावरून सरांकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि पुढच्या ट्रेकडे वळले. आम्हाला लेखी ताकीद मिळाली, दुहेरी कुलपं आली, कॉलनीत रोपं वाटणं कायमचं बंद झालं. पण काम चालू राहिलं. परत आलेली रोपं त्याच दुपारी भट्टीत गेली. मालनताईंचं मी माझ्या हातानं टाकलं.

पुढे आमच्या टोमॅटोत प्रतिपिंड उतरलं, पण पुरेसं नाही. औषध होईपर्यंत मजल गेली नाही. सर निवृत्त झाले. आमच्या हाताखाली शिकलेली दोन मुलं आता तेच काम तंबाखूच्या पानांत करतायत, आणि त्यांची पानं आमच्या टोमॅटोपेक्षा गुणी आहेत म्हणतात. आई गेल्या, सासरे गेले. मी आणि श्रीरंग साताऱ्यातल्या फ्लॅटमध्ये राहायला आलो.

मागच्या आषाढात श्रीरंग गेला.

यंदाच्या संक्रांतीला आमच्या सोसायटीत खाली हॉलमध्ये हळदीकुंकू होतं. लिफ्टपाशी पाटी लावली होती, ‘सर्व महिलांना आग्रहाचं निमंत्रण’. सर्व म्हणजे मीही. कुणी नको म्हटलं नव्हतं, कुणी वर येऊन चला असंही म्हटलं नव्हतं. जन्मभर इतरांना शहाणपण शिकवलेली मी, दार लावून आत बसले. साडी काढून पलंगावर ठेवली आणि पुन्हा कपाटात ठेवली. माझा मलाच राग येत होता, पण उठवत नव्हतं.

बेल वाजली. दारात मालनताई. केस पांढरे, पाठ जरा वाकलेली, कपाळाला कुंकू. हातात बाजाराची पिशवी.

“लिफ्ट बंद हाय तुमची,” त्या धापा टाकत म्हणाल्या. आत आल्या, खुर्चीत बसल्या, पाणी प्यायल्या. श्रीरंगच्या फोटोकडे बघून हात जोडले. मग पिशवीतून तोच पितळी करंडा काढला.

“पुढं या.”

“ताई, मी...”

“पुढं या म्हणते ना.”

मी खाली वाकले. त्यांचं बोट या वेळी हवेत थांबलं नाही.

मग त्यांनी पिशवीत हात घातला आणि काळ्या पिशवीतलं टोमॅटोचं रोप काढून माझ्या ओंजळीत ठेवलं.

“हे साधं हाय,” त्या म्हणाल्या. “परत मागाया कुणी यायचं न्हाई.”